परत पाठवण्याआधी

मंडळी, कोल्हापूर हे रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे. १८९१ साली मिरजेहून रूळ इथवर आला आणि आजही तो इथंच थांबतो. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस असो, गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस असो, इथं गाडी रिकामी होते आणि डब्यात झोपलेल्या पोराला कुणीतरी उठवून खाली उतरवतं. कुठं जायचं हे न ठरवताच घरातून निघालेलं मूल अशा तऱ्हेनं आपल्या गावात येतं. अंबाबाईच्या देवळाभोवती गर्दी असते, जोतिबाच्या डोंगरावर पोटाला काहीतरी मिळतं, पंचगंगेच्या घाटावर रात्री कुणी उठवत नाही. आणि इथून जाणारीही असतातच. राधानगरी, गडहिंग्लज, शाहूवाडीच्या गावांतून वडापनं, म्हणजे सीटवर चालणाऱ्या जीपनं, कोल्हापूरला यायचं, स्टँडवरून पुण्या-मुंबईची एस.टी. धरायची, की मूल दिसेनासं होतं.

ही मुलं का निघतात, याचं उत्तर आपण फार लवकर देतो. मोबाईलवरून आई ओरडली, दहावीत मार्क पडले नाहीत, म्हणून गेलं. पोरगंही पहिल्यांदा हेच सांगतं, कारण ते सांगायला सोपं असतं. या मुलांसोबत काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: पहिल्या दिवशी सांगितलेलं कारण खोटं नसतं, पण ते सगळ्यात वरचं असतं. त्याच्या खाली दारू पिऊन रोज मारणारा बाप असतो. आई गेल्यावर मामाकडं टाकलेलं आणि तिथं नकोसं झालेलं मूल असतं. सोळाव्या वर्षी सुपारी फुटलेली मुलगी असते, आणि तिला हे लग्न नको आहे हे ऐकायला घरात एकही माणूस नसतं. घरातल्याच कुणाचा तरी हात नको तिथं लागलेला असतो, आणि ते सांगायला मुलांना कधी कधी महिना लागतो. बोलण्या-चालण्यात बायकी आहे म्हणून गल्लीत चिडवला गेलेला आणि घरात त्यावरून मार खाल्लेला मुलगाही असतो. त्याच्याविषयी तर आपण बोलतच नाही. तो घर सोडतो तेव्हा त्याला शोधायला निघणारेही कमीच असतात.

मग आपण काय करतो? मूल सापडलं की घरच्यांना फोन लावतो, संध्याकाळपर्यंत आई-बाप येतात, रडारड होते, आणि रात्रीच्या गाडीनं मूल परत जातं. सगळ्यांना हायसं वाटतं. पुष्कळदा घरी परत जाणं हेच योग्य असतं, हे मी मान्य करते. मूल स्वतःच घाबरलेलं असतं, त्याला आई हवी असते. पण ज्या घरातून ते मारामुळं पळालं, तिथंच त्याला काही न विचारता त्याच रात्री पोहोचवलं, तर ते पुन्हा पळतं. आणि दुसऱ्या वेळी ते असं पळतं की आपल्या हाती लागू नये.

कायद्यानं ही घाई आपल्याकडून मागितलेलीच नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की एकटं सापडलेलं मूल, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं यायला हवं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मुलाच्या घरची परिस्थिती तपासून अहवाल द्यायला पंधरा दिवस, आणि शेवटचा निर्णय घ्यायला समितीला चार महिन्यांची मुदत आहे. चार महिने का? कारण मुलाला बोलतं व्हायला वेळ लागतो. तेवढ्या काळात ते बालगृहात सुरक्षित राहू शकतं. आपल्या गावात बालकल्याण संकुलासारखी संस्था आहे, ‘अवनि’सारखी संस्था कामाला लावलेल्या मुलांसाठी काम करते आहे. तरीही माणसं फोन करायला कचरतात, कारण मनात भीती असते की पोराला रिमांडला टाकतील. आपण ज्याला रिमांड म्हणतो ते निरीक्षणगृह गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी असतं. काळजीची गरज असलेल्या मुलांचा मार्ग वेगळा आहे, आणि पळून आलेलं मूल या दुसऱ्या मार्गानं जातं. त्यानं कोणताही गुन्हा केलेला नसतो.

आता पहिल्या तासाबद्दल. आज समोर रिक्षावाले आहेत, एस.टी.चे कंडक्टर आहेत, स्टँडसमोर चहाचा गाडा लावणारी माणसं आहेत. मूल कलेक्टर ऑफिसात जात नाही, तुमच्यापाशी येतं. दोन-तीन तास एकाच बाकावर बसलेलं, प्रत्येक गाडीकडं बघणारं पण कुठल्याच गाडीत न चढणारं मूल तुम्हालाच दिसतं. त्याला पाणी द्या, खायला द्या, उजेडात आणि चार माणसांत बसवा. नाव, गाव, बापाचा नंबर यांची सरबत्ती करू नका. आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन लावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेला हा क्रमांक आता शासनच चालवतं, तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेला आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. मूल असं एकटं दिसलं असताना चोवीस तासांत न कळवणं हासुद्धा कायद्यानं गुन्हा आहे.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका. ‘हा मुलगा रंकाळा स्टँडवर सापडला आहे, पालकांपर्यंत पोहोचवा,’ असे मेसेज रोज फिरतात. पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या फोटोवरून ते मूल कुठं आहे हे मारणाऱ्या बापालाही कळतं आणि मुलींना बाहेर नेऊन विकणाऱ्यालाही कळतं. अत्याचारातून सुटलेल्या मुलीचा चेहरा तिच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बसतो आणि तिथून कधीच निघत नाही. तिला पुन्हा त्या शाळेत जायचं असतं, त्या गावात राहायचं असतं. अशा मुलाची ओळख उघड करण्यावर याच कायद्यात बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हरवल्याची तक्रार पोलिसांत द्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवूनच तपास व्हायला हवा.

‘ठेवून घेतलंय पोराला, जेवतं, कपबशा विसळतं,’ असं कौतुकानं सांगणारे हॉटेलवाले मला भेटतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं बालकामगार कायद्यानं बंद आहे. मूल उपाशी होतं आणि तुम्ही त्याला जेवू घातलंत, हे खरंच. त्या जेवणाची परतफेड त्यानं करायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण मला आज सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांविषयी. कारण तिथं १०९८ संपतो, समिती संपते आणि बालगृहाचं दार बंद होतं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या सांभाळाची, सोय कायद्यात आहे. पण एकोणिसाव्या वर्षी घरातून हाकलून दिलेला मुलगा बालगृहात कधी नव्हताच, तर तो कुठल्या सोयीत बसणार? महाराष्ट्रानं २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आणलं, त्याचा पुष्कळांना आधार झाला. याचे आई-बाप हयात आहेत, म्हणून तो अनाथही नाही. रेशनकार्ड घरी, दाखला घरी, आधारवर घरचा पत्ता. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत काम मिळतं, पण खोली मिळत नाही. खोलीला डिपॉझिट लागतं, भाडेकरार लागतो आणि ‘गावाकडचं कोण आहे?’ या प्रश्नाला उत्तर लागतं. मग तो कारखान्याच्या शेडमध्ये झोपतो, नाहीतर स्टेशनवर. मुलगी असेल तर तिला आसरा देणारा माणूस लगेच भेटतो, आणि त्या आसऱ्याची किंमत तिला नंतर कळते.

हे सभागृह दसरा चौकात आहे. बाहेर पडलात की आजूबाजूला जैन बोर्डिंग दिसेल, मुस्लिम बोर्डिंग दिसेल. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून शाहू महाराजांनी वसतिगृहांचं हे काम हाती घेतलं. खेड्यातलं पोर शाळेसाठी गावात आलं तर ते झोपणार कुठं आणि जेवणार कुठं, हा प्रश्न त्यांनी राज्यकर्त्याचा प्रश्न मानला. जागा दिली, उत्पन्न लावून दिलं, आणि ज्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांना चालवायला पुढं केलं. शाहू महाराजांचं नाव आपण सतत घेतो, म्हणून मी हे मुद्दाम सांगते आहे. रात्री डोकं टेकायला जागा नसेल तर मुलाला दुसरं काहीच देता येत नाही, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आज ती ताकद आपल्या पेठांत आहे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत तालीम मंडळं आहेत. कुणाच्या घरी मयत झाली, पुराचं पाणी आलं, रक्त हवं असलं, की पोरं धावतात. गंगावेस, मोतीबाग तालमींत खेड्यांतली मुलं पिढ्यान् पिढ्या येऊन राहिली, वाढली. घर सोडलेल्या पोराला सांभाळणं या गावाला नवीन नाही. फक्त ते पोर पैलवान नसलं तरी ते सांभाळलं जावं, एवढीच माझी मागणी आहे.

मला देणगी नको आहे. अठरा ते एकवीस वयाच्या एका मुलासाठी भाडेकरारावर ओळखीची सही करणारा माणूस हवा आहे. डिपॉझिटची रक्कम बिनव्याजी फिरती ठेवणारं मंडळ हवं आहे. पहिला पगार होईपर्यंत उधारीवर डबा देणारी खानावळ हवी आहे. दाखले काढायला सोबत तहसील कचेरीत जाणारा निवृत्त कारकून हवा आहे. एकट्या पोराला जिथं चार हेलपाटे घालायला लागतात, तिथं असा माणूस सोबत असला की काम एका फेरीत होतं. मुलींसाठी खोली देणाऱ्या घरांची आधी नीट चौकशी व्हायला हवी, आणि ती बायकांनी करावी. अठराच्या आतलं मूल मात्र कुणीही परस्पर घरी नेऊ नये, कितीही चांगल्या मनानं असलं तरी. ते समितीमार्फतच व्हायला हवं.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबल मांडलं आहे. तिथं वही आहे. तालीम मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी जाताना त्यात मंडळाचं नाव आणि वरच्यापैकी कोणतं काम जमेल ते लिहावं. ज्यांच्याकडं पावसाळ्याआधी रिकामी होणारी खोली आहे, त्यांनी तेही लिहावं, कारण दहावी-बारावीच्या निकालानंतर स्टँडवर अशी मुलं वाढतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे.