विश्वास कमी पडला, असं म्हणण्याआधी

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिलाय ‘विश्वासाची प्रार्थना’. हे शब्द बायबलातल्या याकोबाच्या पत्रातले, पाचव्या अध्यायातले. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असं तिथं म्हटलंय. आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसून हे वचन वाचतात. वाचणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण माणूस बरा झाला नाही, की हेच वचन घरच्यांवर उलटतं. मयताला आलेलं कुणीतरी हळूच म्हणतं, “प्रार्थनेत कुठंतरी विश्वास कमी पडला बघा.” आधीच कोसळलेल्या बाईच्या माथी नवऱ्याच्या मरणाचा ठपका ठेवून हे गृहस्थ चहा पितात आणि घरी जातात. मला आज या एका वाक्याविरुद्ध बोलायचंय.

ज्या माणसाचं नाव विश्वासाच्या बाबतीत सगळे घेतात, त्याच्यापासूनच सुरुवात करू. जॉर्ज म्युलर. जन्मानं प्रशियाचा, आयुष्य गेलं इंग्लंडात, ब्रिस्टलला. १८३६ साली त्यानं अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. पुढं ॲशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि १८७० पर्यंत तिथं दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. पैशासाठी त्यानं माणसापुढं हात पसरायचा नाही, देवापाशीच मागायचं, हा नेम शेवटपर्यंत पाळला. पीठ संपलंय, मुलं ताटापुढं बसलीत आणि दारात पाववाला हजर, ही त्याची गोष्ट संडेस्कूलच्या प्रत्येक पोराला पाठ असते. मला त्याहून जास्त भावतात ते त्याचे वार्षिक अहवाल. कोणत्या तारखेला किती आलं, कशावर गेलं, सगळं छापून लोकांपुढं. अगदी किरकोळ देणगीसुद्धा. देवावर भरवसा ठेवणारा हा माणूस हिशेबाला फार पक्का होता, ही गोष्ट मात्र संडेस्कूलमध्ये कुणी सांगत नाही.

तर हा म्युलर काय म्हणतो? तो विश्वासाचे दोन प्रकार करतो. जिथं देवानं शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्पष्ट वचन दिलंय तिथं ते धरून चालायचं. हा विश्वास प्रत्येक ख्रिस्ती माणसाकडं हवा. तो न ठेवणं हे पाप. दुसरा प्रकार दानाचा, म्हणजे देवानं एखाद्यालाच खास दिलेल्या विश्वासाचा. अमुक आजारी माणूस आता उठेलच, अशी खात्री देव एखाद्याच्या मनात कधीकधी घालतो. ती खात्री आपल्याला नसली तर त्यात पाप नाही, कारण अमुक माणूस अमुक दिवशी बरा होईल असं वचन कुठं लिहिलेलंच नाही. आणि म्युलर बजावून सांगतो, की माझ्याकडं ते खास दान आहे असं समजू नका. अनाथाश्रम चालतात ते साध्या, सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळालेल्या विश्वासावर.

त्याच्या घरात काय झालं बघा. १८३५ साली त्याचा तान्हा मुलगा गेला. १८५३ साली एकुलती मुलगी लिडिया टायफसनं मरणाच्या दारात होती; ती वाचली. १८७० साली बायको मेरी संधिवाताच्या तापानं गेली. बाप तोच, गुडघे तेच. मग लिडियाच्या वेळी विश्वास पुरला आणि मेरीच्या वेळी कमी पडला म्हणायचा का? मेरीच्या अंत्यविधीचा उपदेश त्यानं स्वतः दिला. वचन घेतलं एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातलं: तू चांगला आहेस आणि चांगलं करतोस. चाळीस वर्षांच्या संसारानंतर हे बोलायला काय लागलं असेल, ते मी सांगू शकत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंनी या म्युलरचं चरित्र वाचलं होतं. परदेशात देवावर असा भरवसा ठेवता येतो, मग हिंदुस्थानात का नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि केडगावचं मुक्ती, निराधार बायका-मुलींचं घर, त्या वाटेनं उभं राहिलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या पोटाची चिंता होती. प्रार्थना तर चालूच होती, पण तिथं शेती होती, माग होते, छापखाना होता, आणि बायकाच ते सगळं चालवत. देवावर हवाला ठेवून हातावर हात धरून बसणं रमाबाईंना माहीत नव्हतं. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. ज्या मुक्तीत अखंड प्रार्थना चाले, तिथली ही गोष्ट. रमाबाईंचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि शास्त्रात तरी काय वेगळं आहे? प्रेषित पौलाला एक त्रास सतत छळायचा, त्याला तो शरीरातला काटा म्हणतो; हा काटा काढून टाक म्हणून त्यानं देवाला तीनदा विनवलं. कृपा मिळाली, काटा राहिला. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो सहज सांगून जातो, की सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मिलेत शहरात मागं ठेवून आलो. किती साधं वाक्य! पौलासारखा प्रेषित, आणि सोबतीला आजारी सोडून पुढं जावं लागलं. त्रफिमाच्या विश्वासाबद्दल एक शब्दही नाही. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूनं स्वतः दुःखाचा प्याला टळो म्हणून मागितलं. तो टळला नाही.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आठवा. चौघं त्याला बाजेवर घालून आणतात, छप्पर उसकटतात, खाली सोडतात. येशूनं ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्याच्याशी बोलणं सुरू केलं, असं लिहिलंय. बाजेवरच्याचा विश्वास किती होता, हे तिथं कुणी तपासलं नाही. दुखणाईत माणसाला कधीकधी प्रार्थनाही सुचत नाही. तेव्हा बाज उचलणं हे मंडळीचं काम आहे. आपण बाज उचलायची सोडून त्याचा विश्वास मोजत बसतो.

म्हणून माझी पाळकांना एक सूचना आहे. प्रार्थनासभेत आपण साक्ष मागतो, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला लावतो, आणि नोकरी लागलेला, गाठ विरघळलेला उठून बोलतो. हालेलूया होतं. ज्याचं मागणं तसंच राहिलं तो मागच्या बाकावर गप्प. त्यालाही उभं राहू द्या. ‘परमेश्वरा, कोठवर?’ असं विचारणारी स्तोत्रं शास्त्रातच आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना देवाशी असं बोलणं परकं वाटायचं कारण नाही. भांडण भरवशाच्या माणसाशीच होतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली: प्रार्थना चालू असताना गोळ्या घेतल्या तर तो अविश्वास होतो का? ताई, पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलंय. गोळ्या वेळेवर घ्या. बंद करायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून करा. प्रार्थनेला आलेल्या कुणाच्या सांगण्यावरून नको.