जवळजवळ फेरारी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : डिनो २४६ घ्यावी की फेरारी ३५५? दोन्ही फेरारी कंपनीच्याच जुन्या स्पोर्ट्स गाड्या. प्रश्न माझा नाही, इंग्लंडात डॉक्टर असलेल्या माझ्या वर्गमित्राचा आहे. निवृत्तीचे पैसे हातात आले आणि त्याचा फोन आला, "दोन्ही बघून आलोय. बायको म्हणते, एकच. बोल." म्हटलं, बाबा रे, यावर मला तासभर तरी लागेल. तो म्हणाला, मग सभागृह घे! (हशा) म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे.

पण निवडीकडे वळण्याआधी मनातली एक सल सांगतो. काही वर्षांपूर्वी परदेशात जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात मी डिनोसमोर उभा होतो. माहिती सांगणारे गृहस्थ आले आणि सगळ्यांना म्हणाले, "ही काही खरी फेरारी नव्हे." आणि पुढच्या गाडीकडे निघून गेले. मला ते फार लागलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. खुद्द कंपनीच्या माहितीपत्रकात तिला 'जवळजवळ फेरारी' म्हटलं होतं. तिच्या नाकावर उधळलेला घोडा नाही, फेरारी हे नाव नाही. पिवळ्या पट्टीवर निळ्या अक्षरांत फक्त 'डिनो'.

हा डिनो कोण? कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचा मुलगा अल्फ्रेडो, घरचं नाव डिनो. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार होता त्याला. मुलगा अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्या उशाशी वडील आणि व्हित्तोरियो यानो हे जुनेजाणते अभियंते बसून सहा सिलिंडरच्या नव्या इंजिनावर बोलताहेत, असं एन्झोंनी स्वतः लिहून ठेवलंय. ३० जून १९५६ला डिनो गेला. वय २४. ते इंजिन सुरू झालं ते त्यानंतर काही महिन्यांनी. आपल्याकडे लोक घराला 'मातृछाया', 'पितृस्मृती' अशी नावं देतात. मुलानं बापाच्या नावाची पाटी लावावी, ही रीत. इथे बापाला मुलाच्या नावाची लावावी लागली. मग त्या पाटीवर दुसरं नाव कशाला हवं? ती गाडी 'जवळजवळ' काही नाही हो. त्या घराण्यात तिच्याइतकी जिवाजवळची दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्यवहाराचा भागही होता, तो लपवत नाही. विकायच्या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवायला एन्झो तयार नव्हते. बैल गाडीच्या पुढेच हवेत, असं ते म्हणत, असं सांगतात. गिऱ्हाइकाच्या हातात अशी गाडी धोक्याची, ही त्यांची भीती. सहा सिलिंडरची लहान गाडी त्यातल्या त्यात सुरक्षित, म्हणून पहिला प्रयोग तिच्यावर. शिवाय फॉर्म्युला टू शर्यतीच्या नियमाप्रमाणे इंजिन निदान ५०० गाड्यांत बसलेलं हवं होतं. एवढी इंजिनं फेरारीच्या आवाक्याबाहेरची, म्हणून ती फियाटनं बनवली.

फियाट म्हटल्यावर तुमचे चेहरे खुलले! साहजिक आहे. आपल्या कुर्ल्यात तयार झालेली पद्मिनी मुळात फियाट ११००च. आमच्या वडिलांकडे होती. चाळीखाली एक मिस्त्री होते. गाडी धक्के देऊ लागली की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावत, मूठ कानाला, आणि डोळे मिटत. मिनिटभरानं सांगत, "तिसरा प्लग," किंवा "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." मी सात-आठ वर्षांचा असेन. त्यांनी एकदा मूठ माझ्या कानाला लावली. आतली ती टकटक मी अजून विसरलेलो नाही. यंत्राचं दुखणं ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. डिनोवर वेबरचे तीन कार्बोरेटर आहेत. आमच्या मिस्त्रींसमोर ती उभी केली असती, तर तिचंही दुखणं त्यांनी कानानं ओळखलं असतं.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. ३५५चं तर अजून नावही नीट घेतलं नाही!

भरभर सांगतो. एन्झो १९८८मध्ये गेले. त्यानंतर आलेल्या फेरारी ३४८वर भरपूर टीका झाली, आणि जपानी होंडानं एनएसएक्स ही स्पोर्ट्स गाडी आणून दाखवून दिलं की अशी गाडी रोज, कुरकुर न करता चालवता येते. ३५५ हे त्याला मारानेल्लोचं, म्हणजे फेरारीच्या कारखान्याच्या गावाचं, उत्तर. १९९४ची गाडी. साडेतीन लिटरचं इंजिन, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणून ३५५. डिनोची शक्ती १९५ अश्वशक्ती, हिची ३८०, तीही मिनिटाला ८,२५० फेऱ्यांना. त्या टप्प्यावरचा तिचा आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पॉवर स्टिअरिंग आहे, आणि किंमत डिनोहून बरीच कमी. पण टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. सुरुवातीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह गाइड झिजतात, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकतात. आणि इंधनाचा सगळा कारभार काँप्युटरच्या हाती. तो रुसला तर कान लावून उपयोग नाही.

डिनोचं वैर गंजाशी. पोलादी अंग आहे, दरवाजांचे तळ, चाकांच्या कमानी, सगळं खालून बघायला हवं. रंगावर भाळायचं नाही. रोज पावसातून बाहेर पडायचं असेल, तर मित्रा, ३५५ घे, माझी काही तक्रार नाही. पण रविवारी सकाळी इंजिनावरचं मागचं झाकण उघडून तिच्याशी बोलायचं असेल, तर डिनो. मी असतो तर डिनोच घेतली असती.

त्याचं अजून ठरलेलं नाही. शनिवारी तो दोन्ही गाड्या पुन्हा बघायला जाणार आहे. आदल्या रात्रीपासून इंजिन थंड ठेवायला त्यानं मालकांना सांगून ठेवलंय. चावी फिरवताना तो फोन मागच्या झाकणापाशी धरणार, आणि इकडे मी ऐकणार.