वाळ्याच्या मुळांतील तेल

श्रोतेहो, नमस्कार.

वाळ्याच्या ओल्या मुळांचा गंध आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. हा गंध एका द्रव्याचा नव्हे. मुळांच्या तेलात शंभराहून अधिक द्रव्ये आहेत आणि त्यांतील बहुतेक सेस्क्विटर्पीन कुळातली, म्हणजे १५ कार्बन अणूंच्या सांगाड्यावर उभी असलेली आहेत. १५ हा आकडा कृपया ध्यानात ठेवावा.

विद्यार्थिदशेत मी पहिल्यांदा हे तेल काढायला बसलो, तेव्हा मुळे बारीक कापून पाण्यासह चंबूत घातली, वर वाफेबरोबर आलेले तेल थंड करून मोजनळीत गोळा करणारे क्लेव्हेंजरचे काचेचे उपकरण जोडले आणि सकाळीच विजेची शेगडी लावली. निलगिरीच्या पानांचे तेल दोन-तीन तासांत निघते, त्या अनुभवावर विसंबून मी दुपारपर्यंत वाट पाहिली. पण मोजनळीत पाण्यावर फिकट पिवळा पापुद्राच तेवढा दिसत होता. मुळे जुनी असावीत, असे ठरवून मी शेगडी बंद करणार, एवढ्यात प्रयोगशाळेतील वयोवृद्ध साहाय्यकांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "थांबा जरा, जड माल अजून आतच आहे." आम्ही रात्रभर आळीपाळीने जागलो. पहाटे नळीत मधासारखे दाट, तांबूस थेंब उतरले होते. त्यांची घनता पाण्याच्या इतकी जवळची, की काही थेंब तरंगत होते आणि काही पाण्यात मध्येच अडकून राहिले होते. दुपारचा आणि पहाटेचा थेंब आम्ही दोन कागदी पट्ट्यांवर घेतला. दुपारचा गंध हिरवट आणि उथळ होता, तो संध्याकाळपर्यंत विरला. पहाटेचा ओल्या मातीसारखा, आणि तो चौथ्या दिवशीही टिकून होता.

हे असे का? कारण १५ कार्बनांचे रेणू जड असतात, ते वाफेबरोबर सावकाश निघतात. त्यांतही ज्यांत ऑक्सिजन आहे, ते आणखी सावकाश: खुसिमॉल हे अल्कोहोल, अल्फा-व्हेटिव्होन आणि बीटा-व्हेटिव्होन ही कीटोने, म्हणजे कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेली द्रव्ये. म्हणूनच हे ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफेने तेल काढण्याची ही क्रिया, १८ ते २४ तास चालवतात. पुन्हा सांगतो, जड घटक शेवटी येतात. घटकांच्या टक्केवारीचा तक्ता छापताना ऊर्ध्वपातनाचे तास दिलेले नसतील, तर तो तक्ता मी अपुराच मानतो.

टक्केवारीने गंधाचा उलगडा होतोच असेही नाही. २०२१ साली जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तेलात अल्प प्रमाणात असलेले एक कीटोन प्रयोगशाळेत घडवले आणि वाळ्याचा खास गंध मुख्यतः त्याचाच असल्याचे दाखवले. त्याच्याही रेणूत कार्बनचे अणू १५च आहेत.