अडीचशे डॉलरची नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे कॉलेजच्या खेळांचा सगळा भार एकाच माणसावर असतो. पीटीचे सर किंवा मॅडम. जिमखान्याची किल्ली त्यांच्याकडे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा संघ तेच निवडणार, प्रवेशिका तेच भरणार आणि एसटीचं आरक्षणही तेच करणार. अमेरिकेत मोठ्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा हेड कोच म्हटलं, की आज डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. हजारो प्रेक्षकांचं बंदिस्त स्टेडियम, टीव्हीचे कॅमेरे, हाताखाली सहायकांची फौज आणि पुष्कळदा कुलगुरूंपेक्षा मोठा पगार. मुलींच्या संघाच्या हेड कोचची नोकरी मात्र पन्नास वर्षांपूर्वी आपल्या पीटीच्या मॅडमहूनही हलाखीची होती. ती नोकरी तिथून इथवर आली ती एका बाईच्या कारकिर्दीत आणि बऱ्याच अंशी तिच्यामुळे. त्या बाईंचं नाव पॅट समिट. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

साल १९७४. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल शहरी, टेनेसी विद्यापीठात, बावीस वर्षांची पॅट हेड शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आली. लग्नाआधीचं आडनाव हेड. मुलींच्या संघाला मदत करायची आणि वर्गांवर शिकवायचं, एवढंच ठरलं होतं. पण संघाच्या प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि ही मुलगी मुख्य प्रशिक्षक झाली. पगार महिना २५० डॉलर. संघातल्या काही जणी तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. गावोगावच्या सामन्यांना जायची व्हॅन तीच चालवायची, मुलींचे घामट कपडे तीच धुवायची. ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. पहिला सामना ७ डिसेंबरला झाला, मर्सर विद्यापीठाशी. ८४-८३, एका गुणानं हार.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो म्हणतो. कायदा झाला म्हणून विद्यापीठांचे हात लगेच सैल सुटले नाहीत, हे काही आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलांच्या स्पर्धा भरवणारी एनसीएए ही बलाढ्य संघटना मुलींची बास्केटबॉल स्पर्धा घ्यायला लागली ती १९८२ मध्ये. तोवर बायकांनीच चालवलेली एक वेगळी संघटना हा सगळा कारभार पाहत होती.

आता ही मुलगी कुठली? टेनेसीतल्याच क्लार्क्सव्हिलजवळची, शेतकऱ्याघरची. जन्म १९५२ चा. घरी गाईगुरं आणि तंबाखूची शेती. तीन मोठे भाऊ, मग ही, मग धाकटी बहीण. वडील रिचर्ड हेड शिस्तीचे आणि कमी बोलणारे. गवत कापणं, तंबाखू खुडणं, धारा काढणं ही कामं भावांना होती तशीच हिलाही होती. संध्याकाळी वैरणीच्या माळ्यावर बास्केटची रिंग लावून चौघं खेळायची. मुलगी आहे म्हणून हळू ढकला, असं तिथं कोणी म्हणालं नाही. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता, तर रिचर्ड हेडनी बिऱ्हाडच शेजारच्या तालुक्यातल्या हेन्रिएटा गावी हलवलं, कारण तिथल्या शाळेत संघ होता. मुलीच्या खेळासाठी घर बदलणारा १९६० च्या दशकातला शेतकरी! मला या सगळ्या कहाणीत हा माणूस फार आवडतो. पुढे कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पॅटचा गुडघा निकामी झाला आणि डॉक्टर म्हणाले, खेळ विसरा. वडिलांनी डॉक्टरांना ठणकावलं, की गुडघा नीट करा, ही ऑलिंपिकला जाणार आहे. १९७६ मध्ये माँट्रियलला महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं, तेव्हा अमेरिकेच्या संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक पॅट होती. रौप्यपदक मिळालं. म्हणजे नोकरीची पहिली दोन वर्षं ती स्वतः शिकत होती, शिकवत होती, संघ सांभाळत होती आणि गुडघा सावरत ऑलिंपिकची तयारीही करत होती. आठ वर्षांनी, १९८४ ला लॉस एंजेलिसला, प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाचा ८५-५५ असा पराभव झाला.

इथं एक गंमत सांगायला हवी. त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुली पाच जणींचं बास्केटबॉल खेळतच नसत. सहा-सहा जणींचा खेळ असे. मैदानाच्या मधोमध रेघ. तिघींनी फक्त हल्ला करायचा, तिघींनी फक्त बचाव, आणि रेघ कोणी ओलांडायची नाही. मुलींना सबंध मैदान धावणं झेपणार नाही, ही त्यामागची समजूत. बचावाला उभ्या असलेल्या मुलीनं वर्षानुवर्षं एकदाही बास्केटकडे चेंडू टाकलेला नसे. अशा मुलीला कॉलेजची शिष्यवृत्ती कोण देणार? पॅट समिट यांनी उघडपणे या पद्धतीविरुद्ध भूमिका घेतली आणि १९७९ मध्ये टेनेसीच्या शाळा पाच जणींच्या खेळावर आल्या. त्यांच्या नावावरच्या करंडकांची यादी सगळे सांगतात. मला ही रेघ पुसली जाणं त्याहून मोठं वाटतं.

करंडक यायला मात्र वेळ लागला. संघ पुष्कळदा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांपर्यंत जायचा आणि हात हलवत परत यायचा. मोठा सामना जिंकणं यांना जमत नाही, अशी कुजबुजही सुरू झाली. १९८७ मध्ये लुइझियाना टेक विद्यापीठाला ६७-४४ हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं, म्हणजे नोकरीच्या तेराव्या हंगामात. मग १९८९, १९९१, लागोपाठ १९९६, ९७ आणि ९८, आणि शेवटी २००७ आणि २००८. एकूण आठ.

त्यांची शिकवण्याची रीत कशी होती? कठोर, दुसरा शब्द नाही. त्यांची रोखून पाहण्याची नजर प्रसिद्ध होती. त्या निळ्या डोळ्यांच्या धाकाविषयी त्यांच्या माजी खेळाडू अजून बोलतात. सरावाला विद्यापीठातली मुलं बोलावून आपल्या संघाला त्यांच्याशी झुंजवायच्या, कारण धक्का खायची सवय हवी. रिबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू झेपावून पकडणं, ही त्यांच्या लेखी कौशल्याची नव्हे तर इच्छेची गोष्ट होती. वर्गातली शिस्तही तीच. खेळाडूंनी पहिल्या तीन रांगांत बसायचं आणि तास बुडवला तर सामन्याला मुकायचं. त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पूर्ण करून गेलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. एवढा धाक, तरी मुली त्यांना 'कोच' म्हणत नसत, 'मॅडम' तर नाहीच. सरळ 'पॅट' म्हणायच्या, आणि ते त्यांनाच हवं होतं.

अमेरिकेतल्या कॉलेज कोचचं निम्मं काम मैदानाबाहेरचं असतं. देशभर फिरून शाळकरी खेळाडू हेरायचे, त्यांच्या घरी जायचं, आईवडिलांसमोर सोफ्यावर बसून त्यांचा विश्वास मिळवायचा. सप्टेंबर १९९० मध्ये पॅट दिवस भरत आलेले असताना अशाच एका भेटीसाठी सहायक मिकी डीमॉस यांच्याबरोबर विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या. मुलीचं नाव मिशेल मार्सिनियाक. त्या घरीच त्यांना कळा सुरू झाल्या. तरी बोलणं आटोपलं आणि त्या परतीच्या विमानात बसल्या. वाटेत वैमानिक म्हणाला, व्हर्जिनियात उतरूया. यांनी साफ नकार दिला. का? तर त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघानं टेनेसीला जादा वेळेत हरवलं होतं, आणि तेही शेवटच्या चारांचे सामने नॉक्सव्हिलला, म्हणजे यांच्या घरच्या मैदानावर, व्हायचे असताना! लेकरू व्हर्जिनियात जन्माला येता कामा नये. विमान नॉक्सव्हिललाच आलं आणि टायलर तिथंच जन्मला. कौतुक करावं की डोक्याला हात लावावा, हे मी तुमच्यावर सोपवतो. आणि ज्या मुलीसाठी हा सगळा आटापिटा, ती गेली कुठं? नोत्र दाम विद्यापीठात! वर्षभरानं तिथून ती टेनेसीत आली. १९९६ चं विजेतेपद मिळालं तेव्हा शेवटच्या फेरीतली सर्वोत्तम खेळाडू हीच मिशेल ठरली.

त्याच विजयानंतर रिचर्ड हेडनी लेकीला जवळ घेतलं. पॅट तेव्हा ४३ वर्षांच्या होत्या आणि वडिलांनी मिठी मारल्याची त्यांची ही पहिलीच आठवण होती.

१९९७-९८ चा हंगाम तर अजब होता. न्यूयॉर्कची शमिक होल्ड्सक्लॉ आणि तिच्या जोडीला टमिका कॅचिंग्ज. टमिकाला जन्मापासून ऐकू कमी यायचं. त्या संघानं ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. तोवर कनेटिकट विद्यापीठ आणि त्यांचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्याशी वैर चांगलंच पेटलं होतं. दोघांची शाब्दिक चकमक वर्तमानपत्रांना वर्षभर पुरायची. पुढे २००७ मध्ये पॅटनी ते सामनेच बंद केले. माझ्या मते चूक केली, कारण मुलींच्या बास्केटबॉलला टीव्हीवर प्रेक्षक मिळवून देण्यात त्या सामन्यांचा मोठा वाटा होता.

आता पैशांकडे वळू. २००६ च्या करारानं त्यांची वार्षिक कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला एवढे पैसे पहिल्यांदाच मिळत होते. अडीचशे डॉलरची नोकरी बत्तीस वर्षांत इथवर आली. मधल्या काळात विद्यापीठानं त्यांना मुलांच्या संघासाठीही विचारलं होतं. त्यांचा प्रश्न साधा होता: तिकडे जाणं ही बढती का समजायची?

पण या यशाला एक उलटी बाजूही आहे आणि ती फार कमी वेळा सांगितली जाते. १९७२ मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. सगळे खेळ मिळून हे प्रमाण पुढे चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर घसरलं. नोकरीत फुटकी कवडी नव्हती तोवर ती बायकांची होती. पगार आला, मान आला आणि अर्ज करणारे पुरुषही आले. कायद्यानं मुलींना मैदान दिलं; मैदानाच्या कडेला कोण उभं राहणार, याची हमी त्यात नव्हती. पॅट यांच्या माजी खेळाडू आणि सहायक मोठ्या संख्येनं प्रशिक्षणात शिरल्या, याचं मोल म्हणूनच मला जास्त वाटतं.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केलं की आपल्याला अल्झायमर झाला आहे, आणि तरीही पुढचा हंगाम आपण करणार आहोत. प्रत्यक्षात सामन्याची सूत्रं हळूहळू हॉली वॉर्लिक यांच्याकडे गेली. हॉली त्यांची जुनी खेळाडू आणि पंचवीसहून अधिक वर्षांची सहायक. मार्च २०१२ मध्ये बेलर विद्यापीठाकडून ७७-५८ असा पराभव झाला, तो पॅटचा शेवटचा सामना. बेलरच्या त्या संघानं हंगामात एकही सामना गमावला नाही. ३८ हंगाम, १,०९८ विजय, २०८ पराभव, आणि एकाही वर्षी विजयांपेक्षा पराभव जास्त नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी पद सोडलं. २८ जून २०१६ ला त्या गेल्या, ६४ व्या वर्षी.

त्यांचा विजयांचा विक्रम डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या तारा व्हॅनडरव्हीर यांनी मागे टाकला आणि तारांचा २०२४ मध्ये त्याच ऑरिएमांनी. टेनेसीत वॉर्लिक यांच्यानंतर केली हार्पर आल्या, ९६ ते ९८ च्या तिन्ही विजेत्या संघांतल्या खेळाडू. दोघींनाही विद्यापीठानं काढलं. आठ करंडकांच्या घरात धीर फार टिकत नाही. २०२४ मध्ये किम कॉल्डवेल आल्या. पॅटच्या हाताखाली कधीच नसलेल्या या पहिल्या. पाच-पाच खेळाडू एकदम बदलणारी, सबंध मैदानभर पाठलाग करणारी त्यांची पद्धत जुन्या मंडळींना अजून पचलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये, ऐन हंगामात, त्यांना मुलगा झाला. त्यांचा एक सामना चुकला आणि आठवड्याभरात त्या साउथ कॅरोलायनाविरुद्ध पुन्हा बाकाशेजारी उभ्या होत्या. तो सामना त्या हरल्या. फेब्रुवारीत कनेटिकटला मात्र ८०-७६ हरवलं.

नमस्कार.