पंचवीसची स्कूटर, पंचेचाळीसचा वेग

नमस्कार. मंडळाने मला विषय दिलाय 'दुचाकीचे नियम' आणि वेळ दिलाय अर्ध्या तासाचा. हेल्मेटपासून विम्यापर्यंत सगळं सांगणार आहे. पण आधी एका स्कूटरबद्दल बोलू द्या, कारण जूनपासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी बावीस वर्षं कोथरूड-कर्वेनगर भागात बायकांना स्कूटर शिकवते. समोर बसलेल्या निदान चौघी माझ्याकडे शिकल्यात. हात वर करू नका, ओळखते मी. (हशा) त्यांना आठवत असेल, पहिल्या दिवशी मी इंजिन सुरूच करू देत नाही. बंद स्कूटरवर बसायचं, हलक्या उतारावरून यायचं आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबून खडूच्या रेघेवर थांबायचं. आधी थांबणं, मग चालवणं.

तर आमच्याच इमारतीतली एक मुलगी, यंदा नववीला. क्लास लांब, आईबाबा दोघंही नोकरीवर. तिला बिननंबरची इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. दुकानात सांगितलं, लायसन्स नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको. हे खोटं नाही, बरं का. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, वजन बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतलेली, अशी गाडी केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहनात धरलीच जात नाही. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे.

एका संध्याकाळी ती पोर माझ्यापुढे चालली होती. गाठू म्हटलं तर गाठता येईना. माझ्या काट्याकडे पाहिलं, ४२! ती तरी पुढेच. पार्किंगमध्ये तिला थांबवलं, सीट उचलायला लावली. आत एक वायर कापलेली, दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी. "मावशी, दुकानातल्या दादाने स्पीड खुला करून दिला. पैसे पण नाही घेतले," ती म्हणाली. कौतुकानेच सांगत होती.

तिचे बाबा बेफिकीर नाहीत. रोज रात्री चार्जिंगला ते स्वतः लावतात, सकाळी टायर दाबून बघतात. दुकानावर विश्वास ठेवला, एवढंच. पण ती वायर कापली त्या क्षणी सगळी सवलत संपली. आता ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटार वाहन झाली आणि चालवणारी चौदा वर्षांची. उद्या रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या आजींना धक्का लागला, तर भरपाई घरातून. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड. मुलीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

कायदा बाजूला ठेवा. पंचवीसच्या वेगाला माणूस सेकंदाला सात मीटर जातो, पंचेचाळीसला साडेबारा. म्हणजे समोर कुत्रं आडवं आलं, हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंतच साडेबारा मीटर संपले. त्यापुढे घसरत जाण्याचं अंतर दुप्पट नाही, तिपटीहून जास्त. आणि ब्रेक? तेच, पंचवीससाठी बसवलेले. ते काही कुणी बदलून दिले नव्हते.

मी त्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, सगळेच करून घेतात." अर्धा तास बोलले, पण चूक झाली असं काही त्याने म्हटलं नाही. मला राग त्याचा आहे. पालक फसतात, मुलं खूश होतात आणि ज्याला सगळं माहीत आहे तो पक्कड चालवतो.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. भरभर सांगते.

लायसन्सचं वय १८. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंत. घरात उभी असलेली ११० किंवा १२५ सीसी त्यात बसत नाही. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागच्यालाही, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला. आयएसआयची खूण आणि ४१५१ हा आकडा बघून घ्या. पट्टा लावला नाही तर कायद्याच्या लेखी हेल्मेट घातलंच नाही. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. चार वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याला मोठ्यांशी बांधणारा हार्नेस, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. त्याला पुढे उभं करू नका हो, कळकळीने सांगते. मागे एकच माणूस. ट्रिपल सीटला आणि हेल्मेट नसल्यावर, दोन्हीला, तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. थर्ड पार्टी विमा एक दिवसही चुकवू नका. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. ओढणी आणि पदर बसण्याआधी खोचा. अपघात दिसला तर मदतीला धावा. कलम १३४अ तुमच्या पाठीशी आहे, पोलिसांना नाव सांगायचीही सक्ती नाही.

चहा खाली आहे. माझी स्कूटर गेटपाशीच लावली आहे. ज्यांच्या घरी बिननंबरची गाडी आहे, त्यांनी रविवारी सकाळी सातला ती घेऊन मैदानाशेजारच्या रस्त्यावर या. मी शेजारून चालवते, काटा तुम्हीच वाचा.