यंत्र मिळाले, पुढचा खर्च कोणाचा?

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे केंद्र सरकारच्या एडिप योजनेतील, म्हणजे दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या योजनेतील, कॉक्लियर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राच्या) देशभरातील कामाची जबाबदारी आहे. २०१४ साली ही योजना सुधारली गेली, तेव्हा एका मुलामागे कमाल ६ लाख रुपये आणि वर्षाला ५०० मुले असे प्रमाण ठरले. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची नोंद ५० लाखांहून अधिक होती. अर्थात त्यांतील फार थोड्यांनाच इम्प्लांट उपयोगी पडते, त्यामुळे या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे न्याय्य ठरणार नाही.

खरी अडचण वयाची आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला या योजनेचा लाभ १ ते ५ वर्षे या वयातच घेता येतो, कारण भाषा रुजण्याचा काळ तोच असतो. जन्मानंतर लगेच श्रवण तपासणी झाली नाही, तर मूल बोलत का नाही, अशी शंका घरच्यांना दीड-दोन वर्षांनी येते. त्यानंतर बेरा ही श्रवणक्षमता मोजणारी चाचणी, दिव्यांगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि शस्त्रक्रियेसाठी क्रमांक लागण्याची वाट पाहणे, यांत उरलेला काळ भराभर सरतो.

शस्त्रक्रियेने ऐकण्याची केवळ सोय होते. ऐकलेल्याचा अर्थ लावायला मुलाला शिकवावे लागते. यंत्राचे मॅपिंग, म्हणजे मुलाच्या ऐकण्यानुसार जुळणी, वेळोवेळी करून घ्यावे लागते आणि वाचा-उपचार सलग चालू ठेवावे लागतात. तज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांत असल्याने तालुक्याच्या गावातील आईला प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि हा खर्च कोणत्याही मंजुरीपत्रात दिसत नाही. आवाज टिपून इम्प्लांटकडे पोहोचवणारा कानामागचा प्रोसेसर हे तर रोज वापरायचे यंत्र: त्याची बॅटरी संपते, वायर तुटते, आणि हमीची मुदत उलटल्यावर दुरुस्तीचा भार कुटुंबावर येतो. केरळने हा खर्च सरकारी योजनेच्या कक्षेत आणला आहे, ही बाब इतर राज्यांनी अभ्यासण्याजोगी आहे.

मात्र इम्प्लांट हा प्रत्येकाचा मार्ग नाही. प्रौढ कर्णबधिरांना आणि सांकेतिक भाषेतच वाढलेल्यांना दुभाषी हवा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सांकेतिक भाषेला संवादाचे साधन मानतो. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ साली १०,००० शब्दांचा कोश पूर्ण केला. तरीही पोलीस ठाण्यात, तहसील कार्यालयात किंवा प्रसूतिगृहात दुभाष्याचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे, हा प्रश्न आला की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. यंत्र खरेदी करून वाटता येते, त्याचे छायाचित्र निघते आणि खर्चाचा हिशेब एका आर्थिक वर्षात बंद होतो. माणसाच्या सेवेचे मानधन मात्र दरवर्षी द्यावे लागते. निधीचे वाटप यंत्रांकडे झुकण्याचे मोठे कारण हेच असावे.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. अनेक ग्रामपंचायती ती रक्कम लाभार्थ्यांमध्ये थोडीथोडी वाटून मोकळ्या होतात. एका गावाचा निधी दुभाष्याला पुरणार नाही, हे उघड आहे. पण तालुक्यातील ग्रामपंचायतींनी आपापला काही वाटा एकत्र करून पंचायत समितीच्या पातळीवर एक दुभाषी आणि एक वाचा-उपचारतज्ज्ञ ठरावीक वारी उपलब्ध करून दिला, तर ही सेवा तालुक्यातच मिळू शकेल. त्यासाठी मुळात ग्रामसभेत ही मागणी मांडावी लागेल, आणि कर्णबधिर ग्रामस्थाला ती मांडता यावी म्हणून त्या सभेलाही दुभाषी लागेल.