30 दिवसांची ओळख

(दृश्य: पांढऱ्या तालीतखाली, म्हणजे प्रार्थनेच्या शालीखाली, उचललेले दोन हात. बोटं फाकलेली.)

सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला माणूस, समाजाला आशीर्वाद देतो तो असे हात उचलून. हातात व्यंग असलेल्या कोहेननं हात उचलू नयेत, असं मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात सांगितलंय. कारणही तिथेच दिलंय: लोक टक लावून बघतात. रब्बी (धर्मगुरू) यहुदा पुढे म्हणतात, ज्याचे हात निळीनं किंवा मंजिष्ठेनं रंगलेत, त्यानंही उचलू नयेत. आता रंगाऱ्याच्या हातात कसलं आलंय व्यंग? अडचण बघणाऱ्यांच्या डोळ्यांत होती, आणि शास्त्रकारांना ते पुरतं कळलं होतं.

म्हणून तालमूदमध्ये, मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, वाट निघाली. रब्बी हुना सांगत, डोळ्यांतून पाणी गळणाऱ्यानं हात उचलू नयेत. पण त्यांच्याच शेजारचा असा एक कोहेन तर खुशाल उचलायचा! उत्तर आलं: तो 'दाश बे-इरो' होता, गावाच्या सवयीचा झाला होता. सोळाव्या शतकातल्या 'शुल्हान आरुख' या धर्मनियमांच्या ग्रंथानं तर मुदतही घातली. 30 दिवस गावात राहिला की तो सवयीचा. मग दोन्ही डोळ्यांनी अंध असला तरी आशीर्वाद देऊ शकतो.

मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. 30 दिवस त्याला गावात वावरू तर द्यायला हवं! घरात लपवून ठेवलेल्या माणसाची सवय कुणाला होणार?

(दृश्य: लाकडी चौथरा, पायऱ्या. कठड्यावर टेकलेली कुबडी.)

तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, वाचण्यासाठी नाव पुकारलं जातं, त्या मानाला 'अलिया' म्हणतात. अलिया म्हणजे चढणं, वाचनाच्या चौथऱ्यावर चढणं. मुंबईतल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांच्या, सिनेगॉगमध्येही हा चौथरा मधोमध, उंचावर असतो. आपण एखाद्याला 'पायरी ओळखून राहा' म्हणतो; इथे व्हीलचेअरवरच्या माणसाला ती पायरी खरोखरच अडवते. काही ठिकाणी आता उतार बांधलाय, काही ठिकाणी सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळीच, खाली आणतात.

अंधांची अडचण वेगळी. तोरा पाठ म्हणून चालत नाही, अक्षर बघूनच वाचावी लागते. म्हणून 'शुल्हान आरुख'नं अंधाला मनाई केली. त्यावर पोलंडच्या रब्बी मोशे इस्सर्लेस यांची टीप आहे: आता वाचणारा वेगळाच असतो, तेव्हा अंधालाही बोलावतात. एवढ्याशा टिपेनं केवढं दार उघडलं!

(दृश्य: ब्रेलच्या ठिपक्यांवरून सरकणारं बोट.)

1931 साली न्यूयॉर्कमध्ये ज्यूइश ब्रेल इन्स्टिट्यूट सुरू झाली. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण हिब्रू ब्रेल डावीकडून उजवीकडे वाचतात. बोट उलट्या दिशेनं जातं, प्रार्थना तीच.

सगळ्यात जास्त ताटकळले ते कर्णबधिर. ज्याला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही, त्याला जुन्या शास्त्रानं अजाण मुलांच्या रांगेत बसवलं होतं. 1960मध्ये लॉस एंजेलिसच्या कर्णबधिर यहुद्यांनी स्वतःचं सिनेगॉग काढलं. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनी 2011मध्ये निर्णय दिला: कर्णबधिर माणूस पूर्ण जाणता आहे, आणि खाणाखुणांची भाषा धर्मविधींतही चालेल.

(दृश्य: कर्णबधिरांची प्रार्थना. शांतता.)

'शमा इस्राएल.' ऐक, हे इस्राएल. प्रार्थनेतली ही ओळ म्हणताना यहुदी माणूस उजव्या हातानं डोळे झाकतो. इथे हात बोलण्यात गुंतलेत, आणि डोळे झाकले तर शेजाऱ्याची प्रार्थना कळणार कशी? म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहतात.